१४ दिवसांचा ईसीजी आणि घामाचा प्रश्न

साधा ईसीजी काढताना बहुतेक वेळ रुग्णाला झोपवण्यात, छातीवर जेल लावण्यात आणि वायरी जोडण्यात जातो. प्रत्यक्ष नोंद होते ती अवघ्या १० सेकंदांची. विश्रांती घेत असलेल्या माणसाच्या हृदयाचे तेवढ्या वेळात साधारण १२ ठोके पडतात, तर दिवसभरातल्या ठोक्यांची संख्या १ लाखाच्या आसपास जाते. दिवसाचे १०-१० सेकंदांचे तुकडे पाडले तर ते ८,६४० होतात आणि त्यांतला एकच डॉक्टरांसमोरच्या कागदावर उमटतो. बिघाड चालू असतानाच ईसीजी काढला गेला तर हा एक तुकडाही पुरेसा असतो. म्हणूनच गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार करण्यासाठीच्या ‘स्टेमी-गोवा’ प्रकल्पाखाली छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच काढून तज्ज्ञांना दाखवला जातो आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पोचण्याआधीच देता येते. परंतु ज्याला आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही पहाटे, दहा-पंधरा मिनिटे धडधड होते आणि जो सकाळी शांत झालेले हृदय घेऊन दवाखान्यात येतो, त्याचा कागद निर्दोष निघतो. असा निर्दोष कागद पाहून ‘मनावर घेऊ नका’ असा सल्ला मिळालेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत.

हृदयाची नोंद दिवसच्या दिवस, रुग्णाचे नेहमीचे काम न थांबवता कशी घ्यावी, या प्रश्नावर गेली सात-आठ दशके काम चालू आहे. त्याची मोठी अडचण यंत्रात आहे असे वाटते, पण माझ्या मते ती कातडीत आहे. विजेची मापे घेणारी चकती (चिप) आज नखाएवढी झाली आहे. ज्या कातडीवर ती चिकटवायची ती मात्र पूर्वीसारखीच घाम गाळते, ताणली जाते, खाजते आणि आपला वरचा थर सतत टाकत राहते. त्यामुळे आरामदायकपणा ही अशा उपकरणात वरून जोडलेली सोय नव्हे. तिसऱ्या दिवशी खाज सुटली म्हणून रुग्णाने काढून ठेवलेले यंत्र कितीही अचूक असले, तरी चौथ्या दिवसाची नोंद शून्यच असते.

लांबलचक नोंदीची गरज ज्या विकारासाठी सर्वांत जास्त भासते तो म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘एएफ’ या नावाने येतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील एका छोट्या पेशीसमूहापासून प्रत्येक ठोक्याचा विद्युत संदेश निघतो आणि ठरावीक वाटेने निलयांपर्यंत पोचतो. एएफमध्ये अलिंदांत मिनिटाला साडेतीनशेहून अधिक विस्कळीत संदेश फिरू लागतात, त्यामुळे अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात आणि निलयांचे ठोके कुठलाही ताल न धरता पडतात. अलिंदात रक्त साचून राहते, विशेषतः डाव्या अलिंदाला असलेल्या पिशवीसारख्या कोपऱ्यात गुठळी तयार होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. अडचण अशी की हा विकार बऱ्याचदा येतो-जातो आणि अनेकांना तो जाणवतही नाही.

नोंद किती लांब असावी यावर कॅनडातील एका संशोधनाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण न सापडलेला पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेले ५५ वर्षांवरील ५७२ रुग्ण त्यात होते. एका गटाला आणखी एकदा २४ तासांची नोंद आणि दुसऱ्याला ३० दिवसांची नोंद देण्यात आली. पहिल्या गटात ३.२ टक्के रुग्णांत एएफ सापडला, दुसऱ्यात १६.१ टक्के रुग्णांत. ३० दिवसांच्या गटाला दिलेले उपकरण चिकटपट्टीचे नव्हते, तर छातीभोवती बांधायच्या पट्ट्याचे होते, ज्यात कोरडे, म्हणजे जेल न लागणारे, इलेक्ट्रोड (कातडीवरून वीज टिपणारे भाग) असतात. महिनाभर रुग्णांनी ते वागवावे यासाठी कातडीचा विचार तिथे आधीच झालेला दिसतो.

या खटपटीची सुरुवात अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी झाली. तिथल्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद रेडिओ लहरींवरून घेतली, तेव्हाचे यंत्र पाठीवर लादायचे होते आणि त्याचे वजन ३८ किलोच्या आसपास होते. पुढे ट्रान्झिस्टर आणि चुंबकीय फीत आली, यंत्र लहान झाले आणि १९६१ मध्ये होल्टरने आपली पद्धत शोधनिबंधातून मांडली. आजही डॉक्टर ‘होल्टर लावू या’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. कमरेला लटकणारी डबी, छातीवर पाच-सात चिकट इलेक्ट्रोड आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी असे त्याचे नेहमीचे रूप. २४ किंवा ४८ तास ते अंगावर ठेवायचे आणि तेवढ्या काळात आंघोळ करायची नाही. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी फिरून आलेल्या माणसाला ही शेवटची अट काय वाटत असेल, ते सांगायला नको.

अलीकडची पट्टी, म्हणजे पॅच, या वायरींना फाटा देते. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली चिकटवायच्या एका लवचिक तुकड्यातच दोन इलेक्ट्रोड, सेल, मापन करणारी चकती आणि स्मृती असते. अमेरिकेत १४६ रुग्णांच्या अंगावर होल्टर आणि १४ दिवसांची पट्टी एकाच वेळी लावून दोघांची तुलना करण्यात आली, ती २०१४ मध्येच प्रसिद्ध झाली. पूर्ण काळ धरता होल्टरने लयबिघाडाच्या ६१ घटना पकडल्या आणि पट्टीने ९६. परंतु दोन्ही साधने अंगावर असतानाचे पहिले २४ तासच पाहिले, तर होल्टरचे पारडे जड होते, कारण एकाहून अधिक दिशांनी पाहणारे यंत्र एकाच दिशेने पाहणाऱ्या पट्टीपेक्षा तासागणिक जास्त टिपते. पट्टी जिंकली ती केवळ टिकून राहिल्यामुळे. तिथेही, १४ दिवसांसाठी दिलेली पट्टी अंगावर राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ११ दिवसांच्या आसपासच होता.

पट्टी १४ दिवसांहून फारशी पुढे का जात नाही, हे समजण्यासाठी कातडीचा सर्वांत वरचा थर पाहावा लागतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. तो मृत, चपट्या पेशींचा असतो, आणि छपरावर मंगळुरी कौले एकमेकांवर चढवलेली असतात तशा या पेशी एकमेकींवर रचलेल्या असून त्यांच्या फटी मेदाने भरलेल्या असतात. बहुतेक जागी या थराची जाडी १० ते २० मायक्रोमीटरच असते, पण बाहेरचे पाणी आत आणि आतले पाणी बाहेर जाऊ न देण्याचे काम तो इतके चोख करतो की विजेलाही तो अडवतो. हृदयाची लहर कातडीपाशी पोचते तेव्हा तिचा विद्युतदाब साधारण १ मिलिव्होल्ट असतो, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाच्या दीड हजाराव्या भागाइतका. एवढ्याशा दाबाला या थरातून बाहेर काढायचे असते.

शिवाय शरीरातली वीज आणि तारेतली वीज यांची जात वेगळी आहे. शरीरात वीज वाहते ती सोडियम, क्लोराइड यांसारख्या आयनांच्या हालचालीने, तारेत ती इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने. एकीचे दुसरीत रूपांतर करायला मध्यस्थ लागतो, आणि ते काम नेहमीच्या चिकट इलेक्ट्रोडमधला चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा थर करतो. त्याच्या आणि कातडीच्या मध्ये क्षारयुक्त जेल असते. ते शृंगस्तर भिजवते, त्याचा अडथळा कमी करते आणि बारीकसारीक खड्डे भरून काढते. ईसीजीचा पाया घालणाऱ्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवले होते, तेही याच कारणासाठी. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिठाच्या पाण्याची जागा जेलने घेतली, पण तत्त्व बदलले नाही.

जेलची अडचण अशी की ते वाळते. वाळले की अडथळा वाढतो, आणि दोन इलेक्ट्रोडांखालचा अडथळा असमान झाला की घरातल्या विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत शिरते. जेल वाळू नये म्हणून वरून पाणी न सोडणारे आवरण घातले तर खालचा घाम बाहेर पडत नाही, कातडी भिजून पांढरी पडते, घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद होऊन घामोळे उठते. कोरड्या हवेत घाम लवकर उडून जातो, तर गोव्यात हवाच आधी बाष्पाने भरलेली असल्यामुळे तो अंगावरच राहतो. ज्या प्रदेशात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्र दाराशी आहे, तिथे थंड व कोरड्या देशात तपासलेली पट्टी तितकेच दिवस टिकेल असे गृहीत धरता येत नाही. चिकट पदार्थाचीही अशीच ओढाताण आहे. अॅक्रिलेट वर्गातले चिकट पदार्थ घट्ट धरतात, पण काहींना त्यांची अॅलर्जी होते आणि काढताना ते कातडी ओढतात. सिलिकोनचे पदार्थ सौम्य असतात, पण घामापुढे लवकर हार मानतात. आणि दोन्ही खरे तर कातडीला चिकटलेले नसतातच. ते शृंगस्तराला चिकटतात, तो साधारण दोन आठवड्यांत नवा होतो, म्हणजे पट्टीखालचा पायाच गळून जातो.

हालचालीचा त्रास आणखी वेगळा. कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये तिचा स्वतःचा विद्युतदाब असतो आणि कातडी ताणली की तो बदलतो. हा बदल हृदयाच्या लहरीहूनही मोठा असू शकतो. रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढणाऱ्या माणसाच्या छातीवरची नोंद पाहिली, तर स्नायूंची वीज आणि कातडीचा ताण यांच्या गर्दीत ठोका शोधावा लागेल. म्हणून पट्टी छातीच्या त्या भागावर लावतात जिथे खाली मोठे स्नायू कमी हलतात, आणि लावण्याआधी कातडी हलकी घासतात. हे घासणे स्वच्छतेपुरते नसते. वरचा मृत थर थोडा उतरला की अडथळा आणि ताणाने होणारा बदल दोन्ही कमी होतात.

यावर एक उपाय म्हणजे जेलच काढून टाकणे. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्यांनी विणलेले पट्टे आणि बनियन, किंवा वीजवाहक रबराच्या पट्ट्या, यांना कोरडे इलेक्ट्रोड म्हणतात. ते धुता येतात, चिकटत नाहीत आणि अॅलर्जीचा प्रश्न बराच कमी करतात. त्यांची मजा अशी की बांधल्यावर पहिली काही मिनिटे त्यांची नोंद वाईट असते आणि थोडा घाम सुटला की ती सुधारते, कारण घाम हेही मिठाचेच पाणी आहे. पट्टीचा शत्रू असलेला घाम पट्ट्याचा मित्र ठरतो, आणि आपल्या हवेत तो फार वाट पाहायला लावत नाही. मात्र पट्टा सैल झाला की संपर्क तुटतो आणि घट्ट केला की श्वासाला जाचतो. झोपेत कुशीवर वळणाऱ्याला तो रात्रभर बांधून ठेवायला सांगणे सोपे नाही.

दुसरा उपाय कातडीसारखे होण्याचा आहे. साधे सर्किट कडक असते, कातडी मऊ असते, आणि दोन्ही एकत्र वाकल्या-ताणल्या की मधला संपर्क सरकतो. २०११ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने नागमोडी तारा अतिशय पातळ, मऊ पडद्यावर बसवून असे सर्किट तयार केले, जे कोणत्याही डिंकाशिवाय कातडीवर टिकते. पडदा इतका पातळ की तो कातडीच्या रेषांमध्ये बसतो आणि दोन पृष्ठभागांमधले नैसर्गिक आकर्षणच त्याला धरून ठेवते. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७ मध्ये त्याहून पुढे जाऊन पडदाच काढून टाकला. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी करायची, तिच्यावर सोन्याचा थर चढवायचा, ती कातडीवर ठेवून पाणी फवारायचे; पॉलिमर विरघळतो आणि सोन्याची जाळी कातडीवर राहते. जाळीला भोके असल्यामुळे घाम आणि हवा आरपार जातात. २० जणांच्या अंगावर ती आठवडाभर ठेवून पाहिली तेव्हा कातडी सुजली किंवा लाल झाली नाही. मला या सगळ्या शोधांत हा सर्वांत आशादायक वाटतो, कारण तो घामाला अडवत नाही, वाट देतो. परंतु जाळीला शेवटी सेल आणि चकती असलेला कडक तुकडा जोडावाच लागतो, आणि मऊ-कडकाच्या त्या सांध्यावरच बहुतेक नमुने तुटतात.

घड्याळांचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. मनगटावरच्या घड्याळाखाली लुकलुकणारा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. यातून नाडी कळते, हृदयातली वीज कळत नाही. चिकट काही नसल्यामुळे माणूस ते वर्षानुवर्षे घालतो, हा त्याचा मोठा गुण. हात हलला, घड्याळ सैल झाले किंवा गोंदणाच्या शाईने प्रकाश अडवला, तर नोंद बिघडते. गडद कातडीतही हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो. अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांवर अॅपलच्या घड्याळाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अनियमित नाडीची सूचना केवळ ०.५२ टक्के लोकांना मिळाली. त्यांच्यापैकी ज्या ४५० जणांनी नंतर छातीवर पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत एएफ सापडला. उरलेल्यांचे घड्याळ खोटे बोलले असा याचा अर्थ घेऊ नये, कारण पट्टी लागेपर्यंत काही दिवस गेले होते आणि हा विकार येतो-जातो. पट्टी अंगावर असताना घड्याळाने दिलेल्या सूचनांपैकी ८४ टक्के सूचनांच्या वेळी खरोखर एएफ चालू होता.

काही घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट कडेला टेकवून ३० सेकंदांचा ईसीजीही घेता येतो. हा दोन हातांमधला ईसीजी, म्हणजे आइंटहोवेन यांची पहिली लीड (हृदयाकडे पाहण्याची एक बाजू). तो लय दाखवतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी मात्र हृदयाकडे १२ बाजूंनी पाहावे लागते आणि घड्याळ एकाच बाजूने पाहते. छातीत दाबल्यासारखे दुखत असताना घड्याळात ‘सामान्य’ असे आले म्हणून घरी थांबणे धोक्याचे आहे. तेव्हा १०८ला फोन करून जवळच्या आरोग्य केंद्रात जाणे हेच करायचे.

अंगावरच्या पट्टीतून किती माहिती येते, याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला २५० मापे घेतली तर १४ दिवसांत ३० कोटींहून अधिक मापे जमतात. कोणताही माणूस ती बसून वाचू शकत नाही, म्हणून संगणक संशयास्पद तुकडे वेगळे काढतो आणि तंत्रज्ञ ते तपासतो. ही मापे सतत मोबाइलवर पाठवायची तर सेल लवकर संपतो, म्हणून अनेक पट्ट्या सगळे स्वतःजवळ साठवतात आणि नोंद पट्टी परत दिल्यावरच वाचली जाते. अशी पट्टी लावलेल्या रुग्णाने ‘काही झाले तर दवाखान्यात आपोआप कळेल’ असे समजू नये.

जास्त शोधले म्हणजे जास्त फायदा झाला, असे मात्र आपोआप होत नाही. डेन्मार्कमध्ये ६,००४ वयस्कर लोकांच्या अभ्यासात काहींच्या कातडीखाली वर्षानुवर्षे नोंद करणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार यंत्र असलेल्यांत ३१.८ टक्के आणि नसलेल्यांत १२.२ टक्के लोकांत एएफ सापडला, पण पक्षाघात किंवा गुठळीच्या घटनांचे प्रमाण ४.५ आणि ५.६ टक्के असे राहिले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. काही मिनिटांचा, वर्षातून एखाद्या वेळी येणारा एएफ आणि तासन्‌तास चालणारा एएफ यांचा धोका सारखा नसावा, असे यातून दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पट्टीवर एक छोटा तुकडा सापडला की लगेच गोळी सुरू करायची, असा सरळ हिशेब डॉक्टर करत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात हे सगळे त्यात येते.

गोव्यात कोणाला पट्टी लावायला सांगितली, तर काही गोष्टी इथल्या हवेमुळे जास्त महत्त्वाच्या ठरतात. त्या दिवशी छातीला खोबरेल तेल, पावडर किंवा मलम लावू नये, कारण तिन्हींमुळे चिकटपणा जातो. केस असतील तर ते कापून कातडी पूर्ण कोरडी करावी. पट्टी लावल्यानंतरचा पहिला दिवस शक्यतो घामाच्या कामापासून दूर राहावे. चिकट पदार्थाला कातडीच्या खळग्यांत बसायला काही तास लागतात. आंघोळ पट्टीच्या सूचनापत्रात परवानगी असेल तरच, तीही थोडक्यात आणि छातीवर थेट पाणी न ओतता करावी. समुद्र, नदी आणि तळी या काळात वर्ज्य समजावीत. धडधड जाणवली की पट्टीवरचे बटण दाबावे आणि त्या वेळी आपण काय करत होतो ते कागदावर लिहावे, कारण नोंदीतली लहर आणि माणसाला झालेला त्रास यांची सांगड त्याशिवाय बसत नाही. खाज थोडी असेल तर सोसता येते. फोड, पाणी सुटणे किंवा जळजळ झाली तर पट्टी काढून डॉक्टरांना दाखवावी, दुसऱ्या जागी दुसऱ्या प्रकारची लावता येते.

अहवाल हातात आला की बहुतेक लोक शेवटची ओळ वाचतात. त्याआधी एक आकडा पाहावा: पट्टी किती तास अंगावर होती आणि त्यातली किती तासांची नोंद वाचण्याजोगी निघाली. १४ दिवसांपैकी १३ दिवस स्वच्छ नोंद असलेला ‘लयबिघाड नाही’ हा शेरा आणि घामाने अर्धी सुटलेल्या पट्टीच्या ४ दिवसांच्या नोंदीवरचा तोच शेरा यांचे वजन वेगळे असते. दुसऱ्या प्रकारचा अहवाल मिळालेल्याने, धडधड चालूच असेल तर, पावसाळा संपल्यावर किंवा वेगळे साधन घेऊन नोंद पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.